पाच बाराच्या आत

२२ जानेवारी, गुरुवार

नात झाली! दुपारी ४ वाजून ४९ मिनिटांनी. वजन चार किलो दोनशे ग्रॅम. नक्षत्र पुष्य, वार गुरुवार, म्हणजे गुरुपुष्यामृत. कॅलेंडरवर लाल शाईत छापलेला दिवस आणि त्या दिवशी कारखानिसांच्या घरी लक्ष्मी. आश्लेषा नक्षत्र लागणार होतं ५:१२ ला. तेवीस मिनिटं राखून काम फत्ते.

आता क्रमाने. अंबरनाथच्या केमिकल कंपनीत तीस वर्षं शिफ्ट इनचार्ज होतो. लॉगबुकात नाही ते घडलंच नाही, असं पोरांना दम देऊन सांगायचो. ती सवय जात नाही.

सकाळी ९:२० ला सूनबाईला, अक्षदाला, कळा सुरू. बदलापूरहून गाडीने उल्हासनगर, कॅम्प चारचं प्रसूतिगृह, १०:३५. समीरच्या कंपनीत शटडाऊन, म्हणजे वार्षिक दुरुस्तीची घाई, त्यामुळे चिरंजीवांना निघता येईना. सौ. वृंदा बरोबर होती, पण बाईसाहेब दुपटी घरीच विसरल्या. ती आणायला तीन वाजता परत गेल्या. म्हणजे ऐन वेळी बाकड्यावर मी एकटा.

४:०५ ला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, "काका, बाळ मोठं आहे, हिला शुगरही होती. खाली सरकत नाहीये. सिझर करूया. भूल देणारे डॉक्टर कल्याणहून यायचेत, सव्वा तास लागेल." मी मनात आकडा मांडला. ५:२० म्हणजे आश्लेषा. आश्लेषेवरचं मूल बापाला जड जातं म्हणतात. दोन वर्षांपूर्वी समीरच्या अंगावर वाफेची लाइन फुटली, तेव्हापासून त्याच्या बाबतीत मी विषाची परीक्षा घेत नाही. म्हटलं, "मॅडम, आमच्या घरात आजवर सिझर नाही. नॉर्मलचा प्रयत्न करा ना. पाच बाराच्या आत झालं तर फार उपकार होतील." त्या हसल्या. "तुम्ही पण ना काका! बरं, इथे सही करा." केली. लॉगबुकात करायचो तशी, नुसती आद्याक्षरं. वाचत बसायला वेळ कुणाला होता?

मग आत एकच धावपळ. पडद्याच्या फटीतून दिसलं, एक नर्स पोटावर रेलून जोर देत होती. "खेचा, खेचा," असं कोणीतरी म्हणत होतं. अक्षदा ओरडत होती. बाईच्या जातीला हे भोगावंच लागतं. ४:४९ ला रडणं ऐकलं आणि जीव भांड्यात पडला.

सिझर वाचलं, दिवस साधला. उल्हासनगरला पेढे बरे मिळतात. पेढे वाटले.

२३ जानेवारी

समीर रात्रपाळीतून थेट आला, लेकीला बघून भोकाड पसरलं. एवढा घोडा झालाय!

पोरगी डावा हात, दोन्ही पाय झाडते. उजवा हात अंगाला चिकटलेला, तळवा मागे वळलेला. बोटं तेवढी हलतात. डॉक्टरीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "बाहेर येताना थोडा ताण बसतो. आठ-दहा दिवसांत सुटेल." ठीक.

२८ जानेवारी

घरी आलो. वृंदाने पोरीला ठमी म्हणायला सुरुवात केली आहे. मालिशीला मोतीबाई. वांगणीच्या पलीकडच्या वाडीवरून येते, पंधरा वर्षं अर्ध्या बदलापूरची बाळं-बाळंतिणी तिच्याकडे. पोरीला पायांवर घेतलं आणि थांबली.

"भाऊ, ह्या हाताला जोर नाय. आपसूक येतच नाय. मी तेल लावायच्या अगोदर सांगून ठेवतंय. डाक्टरला दाखवा."

म्हटलं, "डॉक्टरांनी पाहिलंय. तू तुझं काम कर."

१ फेब्रुवारी

पोरीला घेऊन प्रसूतिगृहात गेलो. डॉक्टरीणबाईंनी हात उचलून बघितला, सोडला, तो पडला. मग विचारलं, "मालिशवाली कोण येते? तिने ओढला असेल. ह्या बायकांना काही कळत नाही."

संध्याकाळी मोतीबाई आली तिला दारातच थांबवलं. काय काय बोललो ते लिहीत नाही. ती एवढंच म्हणाली, "माझ्या हाताखालनं कितीतरी पोरं गेली, भाऊ," आणि चपला घालून चालती झाली. अक्षदा मागून म्हणाली, "बाबा, त्यांनीच तर पहिल्यांदा सांगितलं होतं." म्हटलं, तुला अनुभव नाही.

९ फेब्रुवारी

ठाण्याला नसांच्या डॉक्टरांकडे. त्यांनी पाऊण तास तपासलं. म्हणाले, "हे मालिशीने होत नाही. बाळाचा खांदा अडकला, तेव्हा डोकं धरून ओढलं गेलं. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या, एखादी तुटलीही असेल. रोज व्यायाम करा. तीन महिन्यांत कोपर दुमडायला लागला तर उत्तम. नाही तर ऑपरेशन. तरीही हात पूर्ण येईल असं मी सांगत नाही."

ओढलं! माझ्या नातीला पोत्यासारखं ओढलं! आणि वर त्या गरीब बाईवर ढकललं! गाडीत समीरला म्हटलं, हे प्रकरण सोडायचं नाही. वकील मी बघतो, कागद मी जमवतो. तीस वर्षं अपघातांचे रिपोर्ट लिहिलेत मी.

डॉक्टरांनी समीरला विचारलं म्हणे, एवढं मोठं बाळ, सिझर का नाही केलं? मी तेव्हा पाणी प्यायला बाहेर आलो होतो.

व्यायाम मी करायचे असं ठरलं. अक्षदाला टाके आहेत, समीरला पाळ्या. सकाळ, दुपार, संध्याकाळ, प्रत्येक सांध्याला दहा वेळा. फिजिओवाल्या बाईने दाखवलं, मी लगेच शिकलो. "आजोबांचा हात स्थिर आहे," असं म्हणाली.

१३ फेब्रुवारी

अ‍ॅडव्होकेट रोहरा, कॅम्प चार, खाली जीन्स शिवायचा कारखाना, वर ऑफिस. मशिनींचा खडखडाट इतका की सिंधी बाई मराठीत ओरडून बोलते. पण हुशार. हॉस्पिटलकडून केसपेपर मागायचा अर्ज मीच लिहिला होता, तो वाचून म्हणाली, "अंकल, क्या ड्राफ्टिंग है! माझ्याकडे कामाला या."

मग अक्षदाला विचारलं, "सिझरचं काही बोलणं झालं होतं का?"

अक्षदा म्हणाली, "मला कोणी विचारलंच नाही. मी तर ओरडून सांगत होते, काहीही करा, सिझर करा. माझ्याकडे कोणी बघतच नव्हतं."

मॅडमनी विचारलं, "बाहेर कोण होतं?"

समीर म्हणाला, "बाबा होते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "धावपळ होती. नीट आठवत नाही." आणि वृंदाने तेवढ्यात तोंड उघडलं, "अहो, तुम्ही तर सगळं वेळेनिशी लिहून ठेवता." मॅडम एकदम खूश. त्याच दिवशी लिहिलेलं ग्राहक कमिशनसमोर फार वजनदार असतं म्हणे. "अंकल, ती डायरी आणा. आपकी डायरी इनकी वाट लगा देगी."

१४ फेब्रुवारी

२२ जानेवारीचं पान वाचलं.

१६ फेब्रुवारी

शांत डोक्याने विचार केला. डॉक्टर कोण? त्या. शिकलेलं कोण? त्या. मी विनंती केली. विनंती नाकारता येते. कंपनीत मला रोज पन्नास जण काही ना काही सांगायचे, म्हणून काय मी वॉल्व्ह उघडायचो? त्यांनी ठामपणे नाही म्हणायला हवं होतं. हे लिहिल्यावर बरं वाटलं.

ती डायरी मात्र रोहराबाईला द्यायची काही गरज नाही. त्यात घरगुती गोष्टी आहेत. मॅडमचा फोन आला, सांगितलं, शोधतोय.

व्यायाम: दहा, दहा, दहा. कोपर नाही. मनगट थोडं.

२२ फेब्रुवारी

बारसं. हातामुळे लांबलेलं. पुष्य नक्षत्र, चौथ्या चरणाचं अक्षर 'डा'; त्यावरून नाव सुचेना, म्हणून त्याच नक्षत्राच्या 'हे' वरून मी हेमांगी काढून ठेवलं होतं. अक्षदाने पाळण्याशी वाकून सगळ्यांसमोर भलतंच नाव सांगितलं. सावनी. मी म्हटलं, "अगं, अक्षर?" ती हसत म्हणाली, "बाबा, निदान ह्या वेळी तरी मला विचारा की." बायका हसल्या. मीही हसलो.

घुगऱ्या घशाखाली उतरल्या नाहीत. वृंदाने जास्त तिखट केल्या होत्या.

२ मार्च

जेवताना विषय काढला. कोर्टकचेरीत वर्षं जातील, पोरीच्या हाताकडे लक्ष द्यावं, मनस्ताप कशाला. समीरने घास ताटात ठेवला.

"बाबा, तुम्हीच म्हणाला होतात सोडायचं नाही. आता काय झालं?"

"मी म्हातारा माणूस. दगदग झेपत नाही."

"मग तुम्ही येऊ नका. आम्ही जातो."

अक्षदा मला पुन्हा भात वाढत होती, मी नको म्हणेपर्यंत वाढत राहिली.

६ मार्च

गुरुजींकडे गेलो. सहज विचारलं, समजा एखादं मूल आश्लेषा लागल्या लागल्या झालं, तर? ते पंचांग न उघडताच म्हणाले, "पहिलं चरण ना? त्याला बापाचा दोष नाही हो. एक शांती करायची, सकाळच्या वेळात आटोपते. कुणाच्या घरी झालं?"

म्हटलं, ओळखीत.

पहिलं चरण सहा तास असतं. सहा तास होते. परत येताना स्टेशनापाशी दोन वेळा चुकीच्या गल्लीत वळलो. मी चाळीस वर्षं ह्या गावात राहतो.

१३ मार्च

केसपेपर आले. चार वेळा स्मरणपत्रं पाठवल्यावर. सगळे टेबलाभोवती. मी खुर्चीतच बसलो होतो, गुडघा दुखतोय.

समीरने मोठ्याने वाचलं: "रुग्णास व नातेवाइकांस सिझेरियनचा सल्ला दिला. रुग्ण व नातेवाइकांनी नकार दिला." खाली सही.

"मी?" अक्षदा उभीच राहिली. "मी कधी नकार दिला? समीर, मी नाही हो दिला. मी देवाशपथ सांगते, मी भीक मागत होते त्यांच्याकडे."

"ही सही कुणाची?" समीरने कागद उजेडात धरला. झेरॉक्स पुसट. इंग्रजीत वेडीवाकडी दोन अक्षरं. "बाबा तर मराठीत पूर्ण सही करतात. ही खोटी आहे. हरामखोरांनी मागाहून खोटी सही केली!"

कागद वृंदाकडे गेला. तिने दोनदा बघितला. मग उठून कुकर लावायला गेली. तिला ह्या कायद्याच्या गोष्टींत पहिल्यापासून रस नाही.

बोलायला हवं होतं हे मला कळत होतं, आणि तोंड उघडत नव्हतं.

१६ मार्च

समीर आणि अक्षदा रोहराबाईंकडे जाऊन आले. आता तक्रारीत बनावट सहीचा आरोपही घालायचा, हस्ताक्षरतज्ज्ञाकडे कागद पाठवायचा, पोलिसांतही द्यायचं. शुक्रवारी, वीस तारखेला, अक्षदा शपथेवर सही करणार की ती सही घरातल्या कुणाचीही नाही.

शपथेवर. आणि ती पोर खरं समजून करणार. ठमीच्या हातासाठी चाललेली केस त्या दोन अक्षरांवर कोसळेल. तज्ज्ञ माझ्या कंपनीतले जुने कागद मागवेल आणि पाच मिनिटांत सांगेल. मग अक्षदाला खोटारडी म्हणतील. तिचं खरं बोलणंही, मला कोणी विचारलं नाही हे, खोट्यात जाईल.

व्यायाम केले. ठमी डाव्या हाताने माझं बोट पकडून ठेवते, उजव्याचा व्यायाम संपेपर्यंत सोडत नाही. कोपर नाही.

१७ मार्च

पान फाडावं असं मनात आलं. खोटं कशाला बोलू, दोन बोटांत धरलंही होतं.

१८ मार्च

दुपारी वृंदा गवार मोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही सांगताय की मी सांगू?"

"काय?"

"अहो, तीस वर्षं तुमच्या ओव्हरटाइमच्या चिठ्ठ्या खिशातून काढून मग शर्ट धुतलेत मी. त्या व्ही के ला मी ओळखणार नाही?"

पाच दिवस ही बाई माझ्याशी नीट बोलत होती, चहा देत होती. म्हटलं, "मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"वाटलं, तुम्ही बोलाल. रोज वाट बघितली." शेंगा बाजूला सारल्या आणि तोंडाला पदर लावला. "मी त्या मेल्या दुपट्यांसाठी गेले नसते तर तुम्हाला सही करू दिली नसती हो. मी तिचा हात धरून बसले असते."

मी म्हटलं, उद्या सांगतो. ती म्हणाली, "उद्या गुरुवार आहे. चांगला दिवस आहे." मला वाटलं टोमणा मारते आहे, पण ती खरंच रडत होती.

१९ मार्च

सांगितलं. सकाळी १०:४०, समीर पाळीवरून येऊन आंघोळ करून बसला तेव्हा. तोंडाने जमेना म्हणून २२ जानेवारीचं पान काढून अक्षदापुढे ठेवलं.

तिने वाचलं. एका जागी पुन्हा मागे गेली, कुठल्या ते मला दिसत होतं. मग डायरी समीरकडे दिली. तो वाचून गॅलरीत गेला आणि कठड्याला धरून उभा राहिला.

अक्षदा म्हणाली, "बाबा, तुम्ही बसला होतात ते बाकडं आणि मी, मध्ये काय होतं?"

"पडदा."

"मी ओरडत होते ते ऐकू येत होतं?"

"हो."

"मी काय म्हणत होते?"

मी आठवून बघितलं. खरंच आठवलं नाही. तिचा आवाज आठवला, शब्द नाहीत. मी तिला तसंच सांगितलं.

तिने मांडीवरच्या ठमीचा उजवा हात सावरून घेतला. मग म्हणाली, "हे जसंच्या तसं रोहरा मॅडमना सांगायचं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. आणि आजपासून हिचे व्यायाम मी करीन. तुम्ही हिला घेऊ नका."

"अगं, तुला बारा सांध्यांचा क्रम..."

"मी शिकेन," ती म्हणाली.

२० मार्च

रोहराबाई पहिल्यांदाच माझ्यावर हिंदीत ओरडली. "अंकल, दो महिना! दो महिना आप मुँह बंद करके बैठे!" मशिनींच्या वर आवाज. मग पाणी प्यायली आणि तिचं डोकं चालायला लागलं.

"सुनो. पेशंट सज्ञान, शुद्धीवर. निर्णय तिचा. सासऱ्याची सही घेऊन डॉक्टर सिझर टाळू शकत नाही, मुहूर्तासाठी तर नाहीच. आणि पेशंटने नकार दिला असं लिहिलंय ते साफ खोटं, हे आता अंकल स्वतः सांगतील. पोटावर दाबत होते, खेचत होते, तेही त्याच दिवशीचं लिहिलेलं आहे. ह्या सहीने हॉस्पिटल सुटत नाही." चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "पर आप भी नहीं छूटते. समोरचा वकील तुम्हाला उभं करून सोलून काढेल. गावभर होईल. चालेल?"

म्हटलं, चालेल. समीर दुसरीकडे बघत होता.

२ एप्रिल

आतल्या खोलीतून अक्षदाचे आकडे ऐकू येतात. एक, दोन, तीन... सातला थांबते, ठमी रडते, पुन्हा एकपासून. पुन्हा एकपासून करायची गरज नसते, सातच्या पुढे आठ करायचं. दारापर्यंत गेलो आणि परत आलो. वृंदाला म्हटलं, तिला सांग. ती म्हणाली, "तिचं ती करेल."

समीर माझ्याशी कामापुरतं बोलतो. गाडीची किल्ली कुठे आहे, गॅस आला का.

९ एप्रिल

वांगणीला उतरून शेअर रिक्षा, पुढे पायी, मोतीबाईच्या वाडीवर. ती अंगणात लाकडं फोडत होती. मला बघून कुऱ्हाड खाली ठेवली, पण ये म्हणाली नाही.

मी म्हटलं, "मोतीबाई, तुझी काही चूक नव्हती. माझी होती." काय झालं तेही सांगितलं.

ऐकून म्हणाली, "मंग तवा मला का वरडलास? सगल्या आळीभर बोभाटा झाला. शिर्के वैनींनी पन बंद केला मला, गोखल्यांनी पन. पोरांचं हात मोडती म्हून."

मला हे माहीत नव्हतं. म्हटलं, मी त्यांच्या घरी जाऊन सांगतो.

"सांग. आजच सांग." मग कुऱ्हाड भिंतीला टेकवून, "पोरीचा हात कसा हाय?"

"बोटं आहेत. कोपर नाही."

तिने पाणी दिलं. संध्याकाळी शिर्क्यांकडे आणि गोखल्यांकडे जाऊन आलो. गोखले वहिनी दारातच म्हणाल्या, "अय्या, म्हणजे तुम्हीच?" म्हटलं, हो, मीच.

२३ एप्रिल

तीन महिने झाले. ठाण्याला. मला नेतील असं वाटलं नव्हतं, पण समीर रात्रपाळी करून आला होता, गाडी चालवायला दुसरं कोणी नव्हतं. मी खाली पार्किंगमध्ये थांबलो. पाऊण तासाने दोघं आली. अक्षदाचे डोळे सुजलेले.

कोपर दुमडत नाही. ऑपरेशन. जूनमध्ये, पायातली नस काढून मानेत जोडणार. साडेचार महिन्यांच्या पोरीच्या पायातली नस. मग दोन वर्षं वाट बघायची, किती हात येतो ते. तोंडापर्यंत घास नेता आला तरी पुष्कळ, असं म्हणाले.

मुंब्र्याला समीर म्हणाला, "बाबा, सिग्नल." मी लाल दिव्याला पुढे गेलो होतो.

माझ्यामुळे झालं. आजवर ह्या डायरीत मी हे लिहिलेलं नाही. डॉक्टरांमुळेही झालं, पण माझ्यामुळे झालं.

२७ एप्रिल

रोहराबाईंचं ऑफिस. खाली मशिनी चालूच. समीर झेरॉक्स काढायला खाली गेलेला, वृंदा घरी.

मॅडमनी माझं प्रतिज्ञापत्र वाचायला दिलं. नवव्या परिच्छेदात होतं, 'घाबरलेल्या व गोंधळलेल्या मनःस्थितीत सदर कागदावर सही केली.' मी पेन मागितलं आणि ते खोडलं.

"अंकल, राहू द्या ना. ये आपके लिए अच्छा है. थोडं सॉफ्ट होतं."

"मी घाबरलेलो नव्हतो. गोंधळलेलो तर अजिबात नव्हतो. घड्याळ बघत होतो."

अक्षदा समोर ठमीला घेऊन बसली होती. तिने मान वर केली. पाच आठवड्यांत पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं. मॅडमना म्हणाली, "तेच लिहा. घड्याळ बघत होते."

मॅडमनी टायपिस्टला हाक मारली. नवीन पान आलं. 'मी पूर्ण शुद्धीवर होतो. माझी सूनही पूर्ण शुद्धीवर होती. तिला विचारता आलं असतं. मी विचारलं नाही, डॉक्टरांनीही विचारलं नाही.' मी सही केली. मराठीत, पूर्ण.

मग अक्षदाची तक्रार. बावीस पानं, पाच प्रती, प्रत्येक पानावर तक्रारदाराची सही. तिने ठमीला डाव्या हातावर घेऊन उजव्या हाताने सुरुवात केली. कागद घसरत होते. पंखा जोरात. ठमी पेन पकडायला डावा हात मारायला लागली. मॅडम फोनवर होत्या. मी खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसलो होतो. तिने घेऊ नका सांगितलं होतं.

चौथ्या पानावर ती थांबली. उठून माझ्यापाशी आली.

"बाबा, धरा हिला. उजवा हात खाली लोंबू देऊ नका."

मी धरली. कोपराखाली तळहात, खांद्याला आधार, मान माझ्या दंडावर. पोरगी जड झाली होती. तिने माझ्याकडे बघितलं, ओळखलं की नाही कोण जाणे, आणि डाव्या हाताने माझं बोट शोधलं. माझे डोळे वाहायला लागले, ते पुसायला हात मोकळा नव्हता. अक्षदा सह्या करत होती. एकेक पान वाचून, मग सही. तिने एकदाही मागे वळून बघितलं नाही, आणि घाईही केली नाही.

शेवटचं पान झाल्यावर तिने पेनाला टोपण लावलं, येऊन दोन्ही हात पुढे केले. मी ठमीला तिच्याकडे दिली.